थोरलीचा अंगठा

पुस्तकबांधणीच्या त्या दुकानात सगळ्यात जास्त मान होता तो थोरलीच्या उजव्या अंगठ्याला. छापखान्यातून मोठाले कागद यायचे, एकेका कागदावर पुढून-मागून मिळून सोळा पानं छापलेली. तो कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा तयार व्हायचा, आणि असे वीस-बावीस फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. दुमडणी बरोबर असली तर फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापलेला बारीकसा आकडा बाहेर दिसायचा. कागद पालथा घेऊन दुमडला तर आकडा आत जायचा आणि पानांची सगळी उलथापालथ व्हायची. म्हणून सुई हातात घेण्याआधी थोरली गठ्ठ्याच्या कोपऱ्यावरून सरसर अंगठा फिरवायची आणि आकडे बघायची. बारा वर्षांत एकही उलटा फर्मा त्या अंगठ्याखालून सुटला नव्हता.

तिचे वडील कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते. पण गिऱ्हाइकाला तेसुद्धा सांगायचे, पुस्तक डोळे मिटून न्या, थोरलीचा अंगठा फिरलाय. तिला स्वतःला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. ती आतल्या खोलीत चिकटवायचा सरस ढवळताना ऐकायची, आणि तेवढ्यावर महिना काढायची.

अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी धाकटी मुलगी एका जहाजावरच्या सुताराचा हात धरून, चिठ्ठीसुद्धा न ठेवता, निघून गेली होती. लोक दोन्ही गोष्टींची सांगड घालायचे. वडील मात्र धाकटीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. त्यांचा सगळा राग समोर असेल तिच्यावर निघायचा, आणि समोर एकच जण असायची. सूप थंड आहे. उशी टणक आहे. खिडकी उघडी का, आणि बंद केलीस कशाला. डावा हात-पाय गेला होता, जिभेला मात्र काडीचंही काही झालं नव्हतं.

थोरली उलट बोलायची नाही. सूप गरम करून आणायची, खिडकी अर्धी उघडायची. चर्चच्या मंडळीत तिचं नाव झालं. पाळकसाहेब वर्षातून दोनदा तरी उपदेशात सांगायचे की सहनशीलता शिकायची असेल तर बांधणीवाल्याच्या थोरलीकडून शिका. अशा वेळी ती मान खाली घालायची, पण कान वरच असायचे. मला तर वाटतं, आठवडाभर ऐकून घेतलेलं सगळं त्या एका वाक्यात भरून निघायचं, आणि तिला ते माहीत होतं. देवाची भक्ती ती मनापासून करायची, यात शंका नाही. फक्त देवाने आपल्याकडे बघावं, आणि बघताना शेजाऱ्यांनीही बघावं, एवढी तिची माफक इच्छा होती.

एक उपदेश मात्र तिला सोसवायचा नाही. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो, तो दाखला. मंडळीतल्या बायका डोळे पुसायच्या. थोरली शेतात राबून घरी आलेल्या थोरल्या भावाचा विचार करत बसायची. त्याच्या जेवणाचं पुढे काय झालं, ते कुणी सांगत नाही.

दर गुरुवारी मुद्रक यायचे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचा हातछापखाना होता. लग्न केलेलं नव्हतं, वय चाळिशीला टेकलेलं, बोटं कायमची काळी. स्वतः हातगाडी ओढत ओले-सुके कागद घेऊन यायचे, गठ्ठे उतरवायचे, आणि मग अर्धा तास उगाचच थांबायचे. बोलणं फारसं व्हायचं नाही. कागद जाड आला, दोरा तुटतो, थंडी वाढली. तीन वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, बाबांना बघणारं दुसरं कुणी नाही. ते म्हणाले, मग मी थांबतो. आणि खरंच थांबले. पुढच्या गुरुवारी हातगाडी वेळेवर दारात. त्यांचं ते थांबणंही देवानेच लावून दिलंय असं थोरलीने धरलं आणि निश्चिंत झाली.

आणि मग धाकटी परत आली.

सुतार परमुलखात तापाने गेला होता. धाकटी एक पेटी घेऊन दारात उभी राहिली, जोड्यांचे तळ झिजून गेलेले, केसांत एक पांढरी बट, आणि हसणं जसंच्या तसं. वडिलांना धावता येत नव्हतं, नाहीतर तेही धावले असते. उजवा हात पुढे करून ते रडायला लागले. अकरा वर्षांत थोरलीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिने धाकटीची पेटी आत नेली, तिच्यासाठी पाणी तापवलं, स्वतःची रजई काढून दिली. सगळं केलं. आणि स्वयंपाकघरात जाऊन कपाटाचं दार एवढ्या जोरात लावलं की कडी निखळली.

तेव्हापासून तिचा जळफळाट सुरू झाला. धाकटी वडिलांच्या खाटेशी बसून बंदरांच्या गोष्टी सांगायची आणि वडील हसायचे. औषध, अंघोळ, चादरी, भांडी थोरलीकडे, गोष्टी धाकटीकडे. धाकटीने आणलेलं सूप थंड असलं तरी वडील पिऊन टाकायचे. एकदा तर म्हणाले, छान झालंय. सूप थोरलीने केलं होतं. तिने तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिला देवाशी बोलण्यासारखं काही सापडेना, आणि ती नुसतीच गुडघ्यांवर बसून राहिली.

हेही तिने गिळलं असतं. पण गुरुवार आला. धाकटीने मुद्रकांना पाहिलं, त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचं नाव शाईवाले ठेवून टाकलं. मुद्रक हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. आठ वर्षं हा माणूस त्या दुकानात येत होता, आणि त्याच्या मागच्या बाजूचा एक दात सोन्याचा आहे हे थोरलीला त्या दिवशी कळलं. पुढच्या गुरुवारी ते अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबले. त्याच्या पुढच्या गुरुवारी थोरली आतून सरसाचं भांडं घेऊन आली, तेव्हा ते आणि धाकटी दाराशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. तिला पाहून दोघं गप्प झाले. भांडं गरम होतं. तिला चटका बसल्याचं तिच्या लक्षात आलं ते भांडं खाली ठेवल्यावर.

त्या महिन्यात मंडळीच्या नव्या उपासनापुस्तकाचं काम आलं होतं. एकशे वीस प्रती. पाळकसाहेबांनी दोन वर्षं खपून सगळे विधी नव्याने लिहिले होते. काम मोठं, म्हणून थोरलीने धाकटीला दुमडायला शिकवलं: आकडा असा खाली डावीकडे ठेव, मग पहिली घडी, हाडाची पट्टी दाबून फिरव, मग दुसरी. धाकटीचा हात चांगला होता. तेही थोरलीला आवडलं नाही.

मंगळवारी अकराव्या फर्म्याचा गठ्ठा धाकटीने हातात घेतला तो उलटा. मध्येच वडिलांनी हाक मारली असेल, तिने गठ्ठा उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवला असेल, काय झालं कोण जाणे. एकशे वीसच्या एकशे वीस कागद पालथे दुमडले गेले. घड्या सुरेख होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळलेला. थोरलीने सवयीने अंगठा फिरवला. एकही आकडा दिसला नाही.

तिने पुन्हा फिरवला. मग तिने पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. धाकटी वडिलांना पेपर वाचून दाखवत होती आणि मधूनमधून स्वतःच्या पदरच्या बातम्या घुसडत होती. वडील हसून हसून खोकत होते. हाक मारली असती तर दोघींनी मिळून तासाभरात कागद उलगडून पुन्हा दुमडले असते.

थोरलीने सुईत दोरा ओवला.

आपण काही केलेलं नाही, असं ती स्वतःला समजावत राहिली. चूक जिची तिची. आपण फक्त बोललो नाही, आणि न बोलण्याबद्दल तर पाळकसाहेब आपलं कौतुकच करतात. असली वकिली तिला आयुष्यात पहिल्यांदाच सुचत होती आणि छान जमत होती. तिच्या मनात एवढंच होतं की पुस्तकं पाळकसाहेबांकडे जातील, ते उघडून बघतील, परत पाठवतील, आणि मग मुद्रकांना कळेल की नुसतं हसून पुस्तकं बांधून होत नाहीत. शिवणीला तीन दिवस लागले. प्रत्येक प्रतीत अकरावा फर्मा तिच्याच हाताने बसला. प्रभूच्या एका शिष्याने ‘मी याला ओळखत नाही’ म्हणत तीनदा तोंड फिरवलं तर त्याची गोष्ट अजून सांगतात. थोरलीने एकशे वीस वेळा फिरवलं.

पुस्तकं गेली शनिवारी सकाळी. वखारवाल्याच्या मुलीचं लग्न त्याच दुपारी होतं, आणि नवं पुस्तक हातात पडलेल्या पाळकसाहेबांना धीर कुठला. त्यांची नजर अधू, पण आवाज खणखणीत, आणि समोर छापलेलं असेल ते अक्षरन् अक्षर वाचायची जुनी सवय. वराने वचन अर्धं म्हटलं. पाळकसाहेबांनी पान उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात प्रेत मातीच्या स्वाधीन करण्याची प्रार्थना वाचायला घेतली. दीड वाक्य वाचून झाल्यावर ते थांबले. नवरदेव हात पुढे करून तसाच उभा. वधूची आई मटकन खाली बसली. मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्या हसण्याने वखारवाला जो तापला, तो लग्न लागून जेवणं उरकली तरी निवला नाही.

बाहेर पायऱ्यांवर पंच जमले. मंडळीच्या कारभाराचे ते पाच जण, आणि त्यांच्या वतीने बोलणारे औषधांचे दुकानवाले. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीला फर्मा-बिर्मा काही उमगलं नव्हतं, ती नुसतीच पांढरीफटक पडली होती. तेवढ्यात मुद्रक पुढे झाले. त्यांनी एक प्रत हातात घेतली, अकराव्या फर्म्यापाशी उघडली, क्षणभर बघितलं, मिटली.

"चूक छापखान्याची आहे," ते म्हणाले. "पानं मी उलटी लावली."

औषधवाल्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मंडळीचं छपाईचं काम यापुढे दुसरीकडे जाईल. मुद्रकांनी मान हलवली आणि ते चालू लागले.

थोरलीला त्या क्षणी काय वाटलं, ते सांगायला मलाच संकोच वाटतो. तिला त्यांची कीव आली नाही. आपल्या पापाची लाज वाटली नाही. तिच्या मनात एकच विचार आला: धाकटीसाठी. तिला पाठीशी घालायला हा माणूस सगळ्या गावासमोर खोटं बोलला. माझ्यासाठी तो काय बोलला होता? थांबतो म्हणाला होता.

सोमवारी दुपारी ती छापखान्यात गेली. आठ वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच जात होती. आत दोऱ्यांवर कागद वाळत घातलेले, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या भिंतीला लागून, आणि मुद्रक एकटेच यंत्राचा रूळ पुसत बसलेले. कामाला माणूस नव्हता, कारण काम नव्हतं. ती भांडायचं ठरवून आली होती. शब्दही जमवले होते. पण ते आधी बोलले.

"आकडा आत गेलाय, हे तुम्हाला दिसलं नसेल असं मला पटत नाही."

जमवलेले शब्द तिने सोडून दिले. मग म्हणाली, "दिसलं होतं."

त्यांनी रूळ पुसायचा थांबवला. हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते संथपणे, खालच्या आवाजात सांगितलं. छापखान्याला अजून दहा गिऱ्हाइकं मिळतील, पण बांधणीच्या दुकानाला मंडळीखेरीज कोण आहे. ते बंद पडलं तर तिचे वडील कुठे जाणार, म्हणून त्यांनी चूक अंगावर घेतली. धाकटीचा त्यात संबंध नव्हता. दाराशी जे हळू आवाजात बोलणं चाललं होतं, ते वडिलांचं होतं. औषधाच्या वेळा, अंघोळ, रात्रीची जाग, हे सगळं धाकटीला जमेल का, असं ते तिला विचारत होते. ती म्हणाली होती की जमेल, पण ताई हातच लावू देत नाही.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, बाबांना बघणारं दुसरं कुणी नाही," मुद्रक म्हणाले. "आता आहे. तिला पाहिलं त्या गुरुवारी मी किती खूश झालो होतो, तुम्हाला दिसलं नाही का? दोन महिने मी तुमच्या तोंडाकडे बघतोय, आज काही बोलाल, उद्या बोलाल. तुम्हाला हेवा वाटला तो नक्की कुणावरून? माझ्यावरून की बाबांवरून?"

खोटं बोलणं सोपं होतं. तुमच्यावरून, असं म्हटलं असतं तर ते सुखावले असते.

"दोन्ही," थोरली म्हणाली. "पण बाबांवरून जास्त. मला ते तिला द्यायचे नाहीत."

मुद्रकांनी बाजूला ठेवलेलं फडकं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले की आपण रागावलेलो आहोत, आणि हा राग एकदोन दिवसांत जाणारा नाही. आणि हेही म्हणाले की आता मात्र नुसतं थांबणं त्यांच्याने होणार नाही. तिने होय म्हणावं किंवा नाही म्हणावं, पण आपल्या तोंडाने म्हणावं. ती घरी आली ती ठेचकाळत आली.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर ती पंचांच्या खोलीत गेली. पाचही जण होते, पाळकसाहेबही होते. पानं बरोबर छापली होती, दुमडणी उलटी झाली आणि ती आपल्याला दिसली होती, असं तिने सांगितलं. औषधवाले समजुतीच्या सुरात म्हणाले, माणूस आहे, नजरचूक व्हायचीच.

"नजर चुकली नाही," थोरली म्हणाली. "मी बघून शिवलं. बहिणीला बोल लागावा म्हणून."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले. छपाईचं काम मुद्रकांकडे परत गेलं. पुस्तकं उसवून पुन्हा बांधायची ती थोरलीने, आणि पुढच्या बांधणीच्या कामाचं काय ते नंतर बघू, असं ठरलं. सहनशीलतेच्या उपदेशात त्यानंतर तिचं नाव कधी आलं नाही. दोन-तीन रविवार तिला ते फार जाणवलं.

घरी तिने धाकटीला सांगितलं, ते उसवायच्या टेबलाशी बसल्या बसल्या, मान वर न करता. धाकटीचे हात थांबले. ती हसली नाही.

"मला बोल लागला असता तर काय, एक आणखी," ती हळूच म्हणाली. "इतके आहेत, त्यांत खपून गेला असता. तुला सवय नाही गं, ताई. तू कशाला गेलीस पंचांपुढे?" आणि तिने पुढची प्रत उसवायला घेतली. थोरलीला तिच्या या मोठ्या मनाचाही हेवा वाटला. काही माणसांचा तोंडवळा बदलत नाही, तसा स्वभावही बदलत नाही. पण या वेळी निदान तिने तो हेवा ओळखला, आणि सुरी धाकटीच्या हाताशी येईल अशी ठेवली.

उरले वडील. बुधवारी सकाळी थोरली त्यांच्या खाटेशी उभी राहिली, धाकटीला शेजारी बोलावलं आणि सगळं सांगितलं. अंगठ्याचं, पंचांचं. मग म्हणाली की मुद्रकांना होय म्हणायचं ठरवलंय, वसंतात लग्न करून त्यांच्या घरी जाईन, आणि तुमचं सगळं धाकटी बघेल.

वडील छताकडे बघत राहिले. अंगठ्याबद्दल ते काहीतरी लागट बोलतील म्हणून ती तयारीत होती. ते बोलले नाहीत.

"मला सकाळी उठवून कोण बसवणार?" त्यांनी विचारलं.

"मी बसवेन, बाबा," धाकटी म्हणाली.

"तुला नाही जमत. परवा तू उचललंस, खांदा निघाला माझा. गोष्टी सांगायला तू बरी." त्यांनी उजवा हात थोरलीच्या दिशेने केला. "हिच्या हाताला माहीत आहे मला कुठे दुखतं. मला हीच पाहिजे."

अकरा वर्षं थोरली या एका वाक्यासाठी तिष्ठत होती. त्यासाठी तिने एकशे वीस पुस्तकं बिघडवली होती. आता ते तिच्या धाकट्या बहिणीच्या देखत, दिवसाउजेडी, स्पष्ट शब्दांत मिळालं होतं, आणि ते घेऊन ती या खोलीत मरेपर्यंत सुखाने राहू शकली असती. तिचे डोळे भरले. तिला राहावंसं वाटलं, खरंच वाटलं.

"ती शिकेल," ती म्हणाली. "मी दाखवते."

तिने धाकटीला खाटेच्या डाव्या अंगाला उभं केलं. एक हात काखेखालून पाठीवर, बोटं पसरून. दुसरा गुडघ्यांखाली. आधी त्यांना सांगायचं, मग श्वास घ्यायचा, मग उचलायचं, आणि डावा खांदा ओढायचा नाही. एवढं सांगून ती मागे सरली. धाकटीने उचललं. वडील कण्हले, वाकडं तोंड केलं, आणि पडतील की काय असे क्षणभर एका बाजूला कलले. त्यांची नजर धाकटीच्या खांद्यावरून थोरलीला शोधत होती.

थोरली जागची हलली नाही. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, नाहीतर ते पुढे गेले असते.